आई, घरातलं गोड परत बंद करू नकोस

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन स्पीकरवर असतो, एक जण बोलायला लागला की दुसरा उठून जातो, आणि बाबांच्या शुगरचा विषय निघाला की दोघंही गप्प. दादाने मला परवाचं सगळं सांगितलं. संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डब्यातले कंदी पेढे खात होते, आई तू बघितलंस, "इन्सुलिन चालू झालं तरी चोरून खाताय" म्हणालीस, बाबा काही न बोलता गॅलरीत जाऊन बसले आणि रात्री जेवले नाहीत. दादाने मीटर लावलं तेव्हा शुगर ५८ आली, तीही पेढे खाल्ल्यावर.

आई, ते चोरून खाणं नव्हतं गं. बाबांची शुगर लो झाली होती. दुपारी त्यांनी पोळी-भात दोन्ही सोडून नुसती भाजी आणि ताक घेतलं होतं, आणि सकाळचं मिक्स इन्सुलिन मात्र पूर्ण टोचलेलं. त्या इन्सुलिनला ताटात काय आहे ते थोडंच कळतं, ते दुपारभर आपलं काम करत राहतं. मग हात थरथरतात, दरदरून घाम येतो, समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरत नाही आणि अशी भूक लागते की ती पोटातली नसतेच, सगळं अंग खायला मागतं. मला ती भूक माहितीय. रात्री तीनला दात घासून झोपलेलं असताना, मळमळत असताना सुद्धा ओट्याशी उभं राहून साखर खाल्लीय मी, आणि त्या साखरेत गोडाची मजा नावालाही नसते. बाबांना त्या वेळी आपल्याला काय होतंय हे कळलं नसणार, नंतर फक्त लाज वाटली असणार. सत्तरीच्या माणसाला स्वतःच्या घरात खायची लाज वाटावी हे मला सहन होत नाहीये.

मला डायबिटीस झाला तेव्हा मी चौथीत होते. तेव्हा मीटरच्या पट्ट्या महाग, म्हणून बाबा तुम्ही सकाळी बेनेडिक्टचं ते निळं औषध टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचात, त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब टाकायचात आणि उकळवायचात. निळंच राहिलं तर छान, हिरवं झालं तर थोडी साखर, मग पिवळं, नारिंगी आणि सगळ्यात वाईट विटकरी. मी दारात उभी राहून नळीकडे बघायचेच नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघायचे. निळं आलं की तुम्ही शीळ घालत आंघोळीला जायचात, विटकरी आलं की तू आई पदराने हात पुसत विचारायचीस, काल काय खाल्लंस खरं सांग. आणि कितीतरी वेळा मी काहीच खाल्लेलं नसायचं. ताप येणार असला तरी शुगर वाढते, परीक्षेच्या टेन्शनने वाढते, वयात येताना तर कशानेही वाढते, पण तेव्हा ते आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी मात्र एक गोष्ट शिकले की या घरात सगळ्यांचा दिवस कसा जाणार हे माझ्या खाण्यावर ठरतं.

आणि मग घरातलं गोड बंद झालं. तू प्रेमानेच केलंस, पोरीच्या समोर कसं खायचं म्हणून. श्रीखंड बंद, शिरा बंद, दादाच्या वाढदिवसाचा केक शेजारच्या काकूंकडे कापला आणि बाबा मोती चौकातून येताना पेढ्याचा पुडा आणायचे थांबले. तुम्हाला वाटायचं मला कळत नाही. सगळं कळायचं. मला पेढा मिळत नाही याचं इतकं वाईट वाटायचं नाही, माझ्यामुळे बाबांना मिळत नाही याचं वाटायचं. ते वाईट वाटणं अजून पूर्ण गेलेलं नाही, आजही कोणाच्या घरी जेवायला गेलं आणि त्या घरच्या बाईंनी "तुझ्यासाठी मी काही गोड केलंच नाही बघ" असं कौतुकाने सांगितलं की घास गिळत नाही.

एक गोष्ट खूप उशिरा कळली, कॉलेजला पुण्यात आल्यावर, ती तुम्हाला नीट सांगायची राहून गेली. टाइप १, म्हणजे मला आहे तो डायबिटीस, गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. तुम्ही मला लहानपणी पेढे दिलेत म्हणून हे झालं नाही. आई, तू एकदा मामीला म्हणालेलीस की मीच लाडावून ठेवली, ते मी ऐकलं होतं. तसं काही नाहीये.

आणि खाण्याची ही जी भीती आहे ना ती खूप जुनी आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोला लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, त्याच्या आधी डॉक्टरांकडे या मुलांसाठी एकच उपाय होता, उपाशी ठेवणं. अगदी हाडं दिसेपर्यंत, म्हणजे अजून थोडे महिने तरी मूल जगेल. इन्सुलिन आलंच ते मुलांना जेवता यावं म्हणून. हे वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत रडले होते, कारण माझ्या डोक्यात तोपर्यंत इन्सुलिन म्हणजे खाल्ल्याची शिक्षा असंच होतं.

माझ्या लहानपणी मिक्स इन्सुलिन दोन वेळा होतं, म्हणून भूक असो नसो ठरल्या वेळी ठरलेलं खायलाच लागायचं, तू शाळेच्या गेटवर डबा घेऊन उभी राहायचीस त्याचं कारण तेच. आता माझं रात्री एक लांब चालणारं आणि प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिनच्या पेनने छोटा डोस असं असतं, त्यामुळे मी जे खाणार त्याप्रमाणे इन्सुलिन घेते. एका पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कार्ब, म्हणजे ज्याची शरीरात साखर होते ते, भाताच्या वाटीत त्याच्या दुपटीच्या आसपास, साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ सगळा स्टार्चच. गूळ घातला म्हणून चालतं असं काही नसतं, गूळही साखरच. पुरणपोळीवर तूप असेल तर शुगर उशिरा चढते, तेही बघावं लागतं. हा हिशेब प्रत्येक घासाआधी, रोज, सुट्टी नाही. यात माणूस थकतो, मनाने थकतो, डॉक्टर लोक त्याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात. काही मुली तर वजनाच्या पायी मुद्दाम इन्सुलिन कमी घेतात आणि थेट आयसीयूत पोचतात. म्हणून मला वाटतं की ताटावरून कोणाला बोलू नये, अगदी आपल्या माणसाने सुद्धा, आपल्या माणसाने तर नाहीच.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही पोळी-भात सोडलात ते आईवरच्या रागाने का स्वतःवरच्या, मला माहीत नाही. वीस वर्षं गोळ्या घेतल्या, पथ्य पाळलं, रोज अजिंक्यताऱ्यावर चढून आलात आणि तरी सुई लागली म्हणजे आपण नापास झालो असं तुम्हाला वाटतंय, दादाशी तुम्ही तसं बोललातही. नाही हो बाबा. तुम्हाला आहे त्या टाइप २ मध्ये वर्षं जातात तसं स्वादुपिंडच दमत जातं, कितीही नीट वागलं तरी बऱ्याच जणांना शेवटी इन्सुलिन लागतं. सुई चालू आहे आणि तुम्ही जेवण सोडता हे मात्र फार धोक्याचं आहे, तुमच्या वयात शुगर जरा जास्त असण्यापेक्षा लो होऊन गडावर किंवा बाथरूममध्ये पडणं जास्त वाईट. डॉक्टरसुद्धा वयस्कर माणसांचं टार्गेट थोडं सैल ठेवतात ते याचसाठी. तेव्हा जेवा, वेळेवर जेवा, आणि कमी जेवायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करून घ्या. गडावर जाताना खिशात ग्लुकोजची पुडी पाहिजेच.

आई, ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दे, पंधरा मिनिटं थांब, परत चेक कर, तरी कमीच असेल तर परत दे. पेढा त्या वेळी नको कारण खव्यातल्या तुपाने साखर सावकाश चढते. घोट गिळत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नकोस, सरळ गाडी काढून हॉस्पिटल. आणि त्या वेळी प्रश्न विचारू नकोस, का झालं कसं झालं ते तासाभराने बोला. शुगर जास्त आली तरी "काय खाल्लंत" असं पहिल्या वाक्यात नको. आकडा वहीत लिहा आणि चहा करा, तुमच्या दोघांचा.

ताट वेगळं लावू नकोस, बाबांना आधी जेवायला बसवून नंतर तुम्ही सगळे असंही नको. त्यांच्यासमोर खायला नको म्हणून तू स्वतः भात सोडलास हे मला दादाकडून कळलं, ते आजपासून बंद कर. तू सोडलास की ते त्यांच्या अंगावर येतं, मी सांगतेय ना, मी त्या जागी बसलेली आहे.

गौरीला मी येतेय, आवाहनाच्या आदल्या रात्री पोचेन. भाजी-भाकरीचा नैवेद्य मी करीन, दुसऱ्या दिवशी पुरण तू घाल, मला डायबिटीस व्हायच्या आधी दरवर्षी घालायचीस तेवढंच घाल. बाबांना एक पुरणपोळी, त्या दिवशी भात नाही, आणि डोसचं काय करायचं ते मी आधीच त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवते. माझ्या डोसचं माझं मी बघीन. बाबांच्या डोसचं विचारायला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाचा आणि वहीतल्या गेल्या पंधरा दिवसांच्या पानांचा फोटो दादाला काढायला सांगा आणि आज रात्रीच व्हॉट्सॅपवर पाठवा, आणि खाली बाबा तुम्ही लिहा की आज दुपारी काय जेवलात.

तुमची,
ताई