रुमालाखालचा भाव

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "काचेतनं बघत होतो तर तोंड फिरवलंस. एवढं काय चुकलं रे आमचं?" आणि कोंबड्या डालायच्यात म्हणून लगेच फोन ठेवलास. त्याचं उत्तर मला तोंडानं देता येईना, म्हणून लिहितोय.

तुमच्या लेखी मी नऊ दिवस आयसीयूत होतो. माझ्या लेखी मी सांगोल्याच्या बैलबाजारात होतो. हसू नका. घशातली श्वासाची नळी उपसून काढू नये म्हणून माझे हात कॉटला बांधले होते, ते मला दावं वाटायचं. सिस्टर दिवसातनं चार वेळा तोंड उघडून आतनं पुसायची. मी समजायचो, गिऱ्हाईक दात बघतंय, दुधाच्या दातांचा आदत आहे का चार दातांचा चौसा. सकाळी डॉक्टरांचा घोळका पायथ्याशी उभा राहून आकडे बोलायचा. सत्तर, साठ, पन्नास. माझा भाव रोज उतरतोय ह्याचं इतकं वाईट वाटायचं म्हणून सांगू! खरं तर मशीनमधला ऑक्सिजन ते हळूहळू कमी करत होते, म्हणजे मी सुधारत होतो.

एक तरुण डॉक्टरीणबाई रोज माझा हात धरून इंग्रजी अक्षरं एकेक म्हणायची आणि 'ए' आला की हात दाब म्हणायची. भान तपासायची ती चाचणी, २००१ सालापासून वापरात आहे. पण बाबा, तुम्हीच मला लहानपणी दाखवलं होतं ना, दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात ते? दाबलं की सौदा झाला. मी मूठ आवळून बसायचो. ती बिचारी कागदावर काहीतरी लिहून पुढच्या कॉटकडे जायची.

आणि तशात एक दिवस काचेपलीकडं तुम्ही दोघं. बाबांच्या एका हातात चपला, दुसऱ्या हातानं नोटा मोजताय. औषधांचे पैसे असणार. मला दिसलं ते एवढंच, की व्यवहार झाला, आता हे घरी निघाले. म्हणून तोंड फिरवलं, आई. तुमचं काहीही चुकलं नव्हतं.

ह्याला डिलिरियम म्हणतात. वेड नव्हे, आणि गावात कुणी म्हणेल तसं बाहेरचंही काही नव्हे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत काही अभ्यासांत ८० टक्क्यांपर्यंत लोकांना हा झालेला आढळलाय. अंगात भिनलेला जंतुसंसर्ग, गुंगीची औषधं, रात्रंदिवस तेच दिवे, तीच टिकटिक, झोपेचे तुकडे. त्यात माझा चष्मा काढून ठेवलेला. चष्म्याशिवाय मला माणूस आणि सलाइनचा खांब सारखाच.

बैलबाजार खोटा होता, पण तहान खरी होती. नळी स्वरयंत्रातनं खाली जाते, त्यामुळं आवाज फुटत नाही. "पाणी" म्हणून ओठ हलवायचे, तर समोरचा म्हणणार, दुखतंय का? सिस्टर ओल्या कापसानं ओठ टिपायची. तेवढ्या दोन थेंबांसाठी मी तिची वाट बघायचो. नळीतला कफ ओढायला सक्शन लावत, तेव्हा गळा आवळून कुणी श्वासच ओढून नेतंय असं व्हायचं. ते आठवलं की अजून रात्री उठून बसतो.

एक मात्र लख्ख आठवतं. आई, तू आत येऊन कानाशी म्हणालीस, "आज मंगळवार हाय. गाय व्याली. कालवड झाली." तेवढ्यापुरता मी बाजारातनं सुटलो. पुढं कळलं, वार, वेळ, घरचं काहीबाही रुग्णाला सांगत राहा असं डॉक्टरही म्हणतात. तुला कुणी सांगितलं होतं गं?

बाबा, "तरणाताठा गडी, एक जिना चढून बसतोस" म्हणता. लंडनच्या डॉक्टरांनी २०१३ साली मोजून छापलंय, इतक्या आजारात दहा दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू सरासरी १७-१८ टक्के झडतो. चहाचा कप मला दोन हातांनी धरावा लागायचा. आता एका हातानं धरतो. पायांना अजून वेळ लागेल.

आता कामाचं. युरोपात, डेन्मार्ककडं वगैरे, आयसीयूतल्या नर्सेस आणि घरचे मिळून रुग्णासाठी रोजनिशी लिहितात. बरा झाला की त्याच्या हातात देतात, म्हणजे हरवलेल्या दिवसांत खरं काय घडलं ते त्याला कळतं. आपल्याकडं असलं काही फारसं दिसत नाही. पण बाबा, तुमच्या खिशात ती लाल वही असते. चहा किती, इंजेक्शन किती, कोण भेटायला आलं, एसटीचं तिकीट, सगळं तुम्ही टिपता. नाना पुढच्या आठवड्यात इकडं येतायत, त्यांच्याजवळ द्या. पानं फाडून देऊ नका, अख्खी वही द्या. आणि त्या मंगळवारी कालवडीबद्दल काही लिहिलं असेल तर तिथं खूण घाला.

तुमचा,
पिंटू