अण्णा, खोडलेल्या ओळी राहू द्या

एडिंबरा, 14 नोव्हेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

दादाने तुमच्या आठवणींच्या वहीची 62 पानं व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली, ती मिळाली. सोबत तुमचा निरोपही: "तू हेच काम करतेस ना, मग सरळ नीट करून दे." नीट करून देणार नाही. रागावू नका, आधी ऐका.

माझं संपादनाचं काम तुम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही, यात चूक माझीच. दर वेळी "प्रुफं तपासते" म्हणून मोकळी होते. तशी सुरुवात प्रुफांचीच. रविवारी दुपारी तुम्ही प्रूफ धरायचात आणि मी मूळप्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. सातव्या वर्षी "अवतरणचिन्ह सुरू" म्हणणारी वाईत मी एकटीच असेन. पुढे पुण्याची नोकरी, मग स्टर्लिंगला प्रकाशनाचं शिक्षण. इथे मुद्रितशोधकांचीसुद्धा संस्था आहे, अण्णा, 1988 सालची, आणि तिला चक्क राजाज्ञेची सनद आहे! पण कानाने चूक पकडायची सवय तुमचीच. अजूनही शेवटचा हात फिरवताना मी मोठ्याने वाचते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटतं, मी फोनवर भांडते.

लेखक येतो तेव्हा म्हणतो, "फक्त शुद्धलेखन बघा." दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. पुस्तक खरं तिसऱ्या प्रकरणात सुरू होतं, पहिली दोन म्हणजे नमनाला घडाभर तेल. म्हणून आधी हजारेक शब्द नमुन्याला घेते, काम करून परत पाठवते, मग भाव ठरतो. नाही पटलं तर दोघंही मोकळे.

पुण्यात असताना शेतीवर लिहिणाऱ्या एका बाईंची चाळीस पानं मी घोटून घोटून गुळगुळीत केली होती. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "छान झालंय. पण हे लिहिलंय कोणी?" सगळी पानं मूळप्रतीवरून पुन्हा केली. तेव्हापासून हात आखडता घेते. शंका आली की वाक्य बदलत नाही, समासात प्रश्न लिहिते.

आत्ताचंच बघा. एक निवृत्त दीपगृहरक्षक आपलं आयुष्य लिहितायत. स्कॉटलंडचं माणसांनी चालवलेलं शेवटचं दीपगृह, फेअर आयल बेटाच्या दक्षिण टोकाचं, 1998 साली स्वयंचलित झालं. त्यासरशी तो पेशाच संपला. एकशे दहा पानांत यांची नऊ वादळं, सगळी एकसारखी. आणि उमेदवारीच्या दिवसांबद्दल जाता जाता एक ओळ: "मग मी यंत्राला चावी दिली." मी समासात विचारलं, किती वेळाने? कोणत्या हाताने? डोळा लागला तर?

उत्तरादाखल तीन पानं आली. भिंगांचा भलामोठा सांगाडा पाऱ्याच्या हौदात तरंगत असायचा, बोटाने ढकलला तरी फिरेल असा. तो फिरवायला मनोऱ्याच्या पोटातून सावकाश खाली उतरणारं वजन, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखं. ते तळाशी टेकायच्या आत हँडल फिरवून पुन्हा वर घ्यायचं, दर अर्ध्या तासाला, पाळी संपेपर्यंत. उजवा खांदा अजून दुखतो म्हणतात. त्या पानांत मी दोन स्वल्पविराम घातले, बस. वादळं काढायला सांगितली तेव्हा मात्र आठवडाभर अबोला. सात गेली. आठव्यावर ते अडून बसले, आणि परत वाचल्यावर मलाच ते ठेवावंसं वाटलं.

आता तुमची वही. 62 पानांत शुद्धलेखनाची एक चूक सापडली नाही, आणि तुम्हीही फारसे सापडला नाहीत. दुसऱ्यांची प्रुफं वाचता वाचता स्वतःला गाळायची सवय लागली असणार. पान 23 वरच्या तीन ओळी खोडल्यात, त्या मी फोटो मोठा करून वाचल्या. त्यांच्याखाली टिंबं द्या, अण्णा, 'खोडलेलं राहू द्या'ची आपली प्रुफातली खूण. त्या राहणार आहेत.

आणि पान 11. "नंतर विश्वकोशाचे काम आले." एवढंच? पहिला खंड निघाला 1976 साली, तेव्हा तुम्ही सत्तावीस वर्षांचे. एका दिवसात किती पानं व्हायची? प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री कधी समोर आले का? आले तर तुम्ही उठून उभे राहिलात की मान खाली घालून वाचतच राहिलात? छापून झाल्यावर चूक दिसली, असं कधी झालं का? कोणता शब्द होता?

उत्तरं वहीतच लिहा, पाठकोऱ्या बाजूला लिहिलंत तरी चालेल. फोनवर नकोत, फोनवर तुम्ही "काही विशेष नाही" म्हणता.

आईला सांगा, हळद पोचली. आणि तिच्या गुडघ्याचं खरं काय ते कळवा, दादा नीट सांगत नाही.

तुमची,
सुमी