चित्रकाराचे नाव छापा

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत साहसकथांवरचा लेख वाचला. लेख उत्तम होता. मात्र त्यासोबत छापलेल्या चित्राखाली ‘संग्रहित छायाचित्र’ एवढेच लिहिले होते, ते मनाला फार लागले. चांदण्या रात्री हात पुढे करून रस्त्यावर चाचपडणारा तो आंधळा समुद्री चाचा म्हणजे छायाचित्र नव्हे. एन. सी. वायेथ या अमेरिकन चित्रकाराने स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीसाठी १९११ साली रंगवलेले ते तैलचित्र आहे.

माझी सगळी नोकरी छपाईत, कलर सेपरेशनच्या, म्हणजे छपाईसाठी चित्रातले रंग वेगळे करण्याच्या, टेबलावर गेली. मोठी चित्रे लहान करून पानात बसवणे हेच काम. मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा हट्टाने पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डला गेलो. तिथे एका जुन्या पिठाच्या गिरणीत ब्रँडीवाइन संग्रहालय आहे. मूळ चित्र तिथे पाहिले. उंची जवळपास चार फूट! छापील पानावर अंधाराचा जो सपाट काळा पट्टा दिसतो, तिथे प्रत्यक्षात रंगाचे थर आहेत, ब्रशचे फटकारे आहेत. पुस्तकाच्या पानाएवढे होण्यात यातले किती हरवते, हे माझ्यासारख्याला तरी लगेच कळते.

वायेथ हे हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराचे शिष्य. पाइल डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला शिकवायचे, शिष्यांकडून फी घेत नसत. प्रसंगाच्या आत शिरा, तिथला वारा अंगावर घ्या आणि मगच रंगवा, अशी त्यांची शिकवण. वायेथ यांनी ती शब्दशः पाळली. १९०४ साली ते पश्चिमेकडे गेले, कोलोरॅडोत गुराख्यांबरोबर राबले, न्यू मेक्सिकोत घोड्यावरून टपाल पोहोचवले. त्यांच्या चित्रांतली माणसे पाय रोवून उभी असतात, ती उगाच नव्हे.

‘ट्रेझर आयलंड’च्याच मालिकेतले, कादंबरीचा बालनायक जिम घर सोडतो ते चित्र पाहा. कादंबरीत हा निरोप एका वाक्यात उरकला आहे. रडू येते ते जिमला, आणि तेही आपल्या जागी आईच्या मदतीला ठेवलेला नवा पोरगा पाहून. आईच्या रडण्याचा तिथे उल्लेखच नाही. उलट ती ठणठणीत आणि आनंदात आहे, असे लेखक सांगतो. वायेथ यांनी काय केले? गाठोडे घेऊन आपल्या दिशेने निघालेला जिम पुढे, आणि मागे घराजवळ तोंड झाकून रडणारी आई. जिमची तिच्याकडे पाठ. मी कितीदा ते पान उघडले असेल, दर वेळी आधी आईकडेच नजर जाते. गोष्टीत नसलेली रडणारी आई चित्रकाराने आणली आणि ती गोष्टीचीच झाली. स्वतः वायेथ विशीत मॅसॅच्युसेट्समधले घर सोडून विल्मिंग्टनला शिकायला गेले होते आणि तिथून आईला सतत पत्रे लिहीत. माझ्या मते ही आई तिथूनच आली.

या कामाच्या पैशातून त्यांनी चॅड्स फोर्डला जमीन घेऊन घर आणि स्टुडिओ बांधला. पण ‘नुसता पुस्तकांचा चित्रकार’ ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. १९४५ साली रेल्वे फाटकावरच्या अपघातात त्यांचा आणि सोबतच्या लहानग्या नातवाचा अंत झाला. पुढे त्यांचा चित्रकार मुलगा अँड्र्यू यांची कीर्ती जगभर पसरली आणि वडिलांचे नाव मागे पडत गेले.

आपल्या लेखात कादंबरीकाराचे नाव आहे, लेख लिहिणाऱ्याचे आहे, पानाची मांडणी करणाऱ्याचेही आहे. अर्धे पान ज्याच्या जोरावर उभे राहिले, त्याचेच तेवढे नाही.

येत्या रविवारी कृपया एवढी दुरुस्ती छापावी : ‘चित्र – एन. सी. वायेथ, तैलरंग, १९११.’ जागा कमी पडली तर माझे पत्र कापावे, ही ओळ मात्र ठेवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त छपाई कामगार