शून्याचं टोक आप्पांच्या हातात देणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. तुमच्याशी बोलायला लागलं की माझा घसा भरून येतो, मग तुम्हीच पलीकडून "अळब्याडवा, अळब्याडवा", रडू नको रडू नको, करत बसता आणि मुद्दा राहतोच. म्हणून लिहूनच टाकते. तुमचं नाव घालू नको म्हणालात, नाही घालत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बेळगावात तीस वर्षं कंत्राटदार-कंपनी आणि मालक-कामगार यांची भांडणं सोडवत फिरणारी, स्कूटरच्या डिकीत कायम मापाचा टेप ठेवणारी माणसं असून असून किती असणार.

पैशाचा आकडापण लिहिणार नाही. मध्यस्थीत जे बोललं जातं ते खोलीबाहेर न्यायचं नाही हे तुम्ही पहिल्याच बैठकीत तीन भाषांत सांगितलं होतं, मराठीत आप्पांना, कानडीत समोरच्या कंपनीच्या मॅनेजरला आणि इंग्रजीत त्यांच्या बेंगळूरच्या वकिलाला. टेपचं तेवढं सांगितलं तर चालेल का म्हणून मी विचारलं, तुम्ही त्यांना विचारलंत, ते चालेल म्हणाले. तेव्हा टेपचंच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमचे आप्पा गवंडी. आधी बिगारी, मग गवंडी, मग स्वतःची अकरा जणांची टोळी, बहुतेक सगळी खानापूर तालुक्यातली. उद्यमबागच्या पुढं मच्छेच्या बाजूला एका कंपनीच्या शेडमागं नाल्याकडेला दगडी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवायची भिंत, बांधायचं काम त्यांनी घेतलं. ड्रॉइंगमध्ये उंची 5 फूट. खणायला लागल्यावर दिसलं की नाल्याकडची जमीन पार बसलेली आहे, 5 फुटांत भिंत उभीच राहणार नाही. साइटवरचा इंजिनियर तोंडी म्हणाला, मेस्त्री 9 फूट घ्या, पाऊस तोंडावर आलाय, कागद मागनं करू. आप्पांनी घेतली. कागद काय झाला नाही, तो इंजिनियर नोकरी सोडून दुसरीकडं गेला, आणि फायनल बिलात कंपनीनं 5 फुटांचेच पैसे धरले, वर रिटेन्शनपण, म्हणजे हमी म्हणून बिलातनं कापून ठेवलेले पैसे, अडकवून ठेवलं. कारण काय लिहिलं, तर माप वाढवून लावलंय. सरळ भाषेत, गवंडी चोर आहे.

आप्पांचं एकच म्हणणं होतं. "भिंत काय पळून गेली नाही न्हवं, येऊन मोजा की."

कुणी आलं नाही सर. साडेतीन वर्षं कुणी आलं नाही. चन्नम्मा चौकातनं तिथं जायला रिक्षानं अर्धा तास लागत नाही आणि साडेतीन वर्षांत एका माणसाला ती भिंत बघावी वाटली नाही. आधी आम्ही एका पुढाऱ्याकडं गेलो, आपला माणूस म्हणून. त्यांनी चहा दिला, मराठी माणसावर अन्याय खपवून घेणार नाही म्हणाले, आप्पांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. तो फोटो अजून फिरतोय, काम तिथंच. मग वकील. नोटीस गेली, फी गेली, वकील साहेब पण गेले, म्हणजे फोन उचलायचे बंद झाले. मग कळलं की करारातच कलम आहे, वाद झाला तर लवाद नेमायचा आणि तो कंपनीच्या एमडीनंच एकट्यानं नेमायचा, बसायचं बेंगळूरला. पंधरा पानांचा इंग्रजी करार, आप्पांनी प्रत्येक पानावर मराठीत सही केलेली. काय लिहिलंय हे त्यांना कोण वाचून दाखवणार होतं.

तीन वेळा राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर जनरलच्या डब्यातनं गेलो. पहिल्यांदा समोरची पार्टी आली नाही म्हणून पुढची तारीख. दुसऱ्यांदा आमच्या कागदांचं इंग्रजी भाषांतर नाही म्हणून पुढची तारीख. आणि प्रत्येक बैठकीची अर्धी फी आमच्या माथ्यावर. तिसऱ्यांदा आप्पांनी आपली डायरी पुढं केली. ती डायरी म्हणजे काय हे सांगितलं पाहिजे, त्यात रोजची हजेरी, कोण आलं कोण नाही, दगडाचे किती ट्रॅक्टर आले, सिमेंटच्या किती पिशव्या फोडल्या, आज किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काम झालं, सगळं शिसपेन्सिलीनं, कुठं कुठं पावसाचे डाग. त्या लवाद साहेबांनी ती हातात पण घेतली नाही. टेबलावर पेननंच जरा मागं सरकवली आणि म्हणाले, हा रफ पेपर आहे.

येताना आप्पा हुबळीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांचं पण बरोबर असंल. खरं हातात तरी घ्यायची होती."

तुमच्यापर्यंत आम्ही आलो ते चुलत्यामुळं, हे तुमच्या लक्षात नसेल. चुलते फाउंड्रीत 22 वर्षं होते, सोडताना मालक म्हणाला 90 हजार घे आणि मिटवून टाक. कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही पाकिटाच्या मागं लिहून दिलंत, शेवटचा पगार बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, धरून 14,300, भागिले 26, गुणिले 15, गुणिले 22 वर्षं, झाले 1,81,500. आणि म्हणालात, यात मिटवायचं काही नाहीच, 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा हिशोब आहे, कामगार खात्याकडं अर्ज टाका, मला कशाला फी देता. चुलत्यांना पूर्ण पैसे मिळाले. ते पाकीट त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलंय, खोटं नाही सांगत.

म्हणून आप्पांची फाइल घेऊन मी आले. तुम्ही फाइल उघडायच्या आधी आप्पांना पहिला प्रश्न विचारलात, "टोळीचे पैसे दिलात काय?" आप्पा म्हणाले, दिले. कुठून दिलात? आईच्या पाटल्या ठेवून. तुम्ही पुढं काहीच बोलला नाहीत, चष्मा काढून पुसत बसलात. मग लवादाचं कलम वाचलंत आणि हसलात. ज्याला निकालात रस आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमायचा नाही हे सुप्रीम कोर्टानं 2019 लाच सांगितलंय, असल्या लवादाचा निकाल लागला तरी टिकणार नाही, हे तुम्ही आम्हाला पाच मिनिटांत समजावलंत. तीन तारखांना फी मोजली त्यातल्या कुणी हे का सांगितलं नाही ते आता विचारत बसत नाही. (विचारतेच आहे खरं म्हणजे.) त्यांच्या वकिलाला ते कळल्यावरच ते मध्यस्थीला तयार झाले, आमची दया येऊन नाही, हे मला ठाऊक आहे.

मला तोपर्यंत लवाद आणि मध्यस्थ एकच वाटायचं. लवाद निकाल देतो, मध्यस्थ देत नाही, तो दोघांना एका टेबलाला बसवतो आणि सही दोघांनी आपल्या मर्जीनं करायची. मी मनात म्हटलं मग या माणसाचा उपयोग काय, निकालच देणार नसेल तर. दुसऱ्या बैठकीपर्यंत मी असंच म्हणत होते.

दुसऱ्या बैठकीत त्यांचा मॅनेजर ड्रॉइंग दाखवतोय, आप्पा डायरी दाखवतायत, आवाज चढालेत, आणि तुम्ही मध्येच उठलात. म्हणालात, चला, भिंत बघून येऊ. सगळे. त्यांचे वकील म्हणाले याची काय गरज आहे, तुम्ही म्हणालात, तुम्ही इथं बसा, चहा येईल. ते पण आले शेवटी.

गेट बंद होतं. आप्पा साडेतीन वर्षांनी त्या गेटपाशी उभे होते आणि वॉचमन त्यांना ओळखून रडायचाच बाकी होता, तो पण टोळीतल्या एकाचा पाहुणा. आत गेलो. भिंतीवर शेवाळ चढलेलं, एक दगड हललेला नाही. तुम्ही डिकीतनं टेप काढलात आणि म्हणालात, माप घेणं माझं काम नव्हे, मी नुसता उभा राहतो, माप तुम्ही दोघं घ्या. आणि टेपचं शून्याचं टोक आप्पांच्या हातात दिलंत, रीळ त्यांच्या नवीन इंजिनियरच्या हातात.

ज्यांनी साइट बघितली नाही त्यांना यात काय ते कळणार नाही. शून्य ज्याच्या हातात असतं तो चार बोटं पुढं-मागं करून माप खाऊ शकतो. म्हणून शून्य धरायला भरवशाचा माणूस लागतो, आप्पा स्वतः कधी नवीन पोराच्या हातात शून्य देत नाहीत. ज्या माणसाला माप वाढवणारा म्हणून कागदावर लिहिलं, त्याच माणसाच्या हातात, त्याच कंपनीच्या माणसांसमोर, तुम्ही शून्य दिलंत. न बोलता. आणि आकडा वाचायचं काम त्यांच्याकडं, म्हणजे त्यांनाही बोलायला जागा नाही. मी आप्पांकडं बघितलं तर त्यांनी चप्पल काढली होती. देवळात काढतात तशी.

100 फुटांचा टेप, त्यामुळं दोनदा ओढायला लागला. पहिले 100, चुन्यानं खूण, मग पुढचे. इंजिनियरनं वाचलं, 81. म्हणजे 181. डायरीत 184 लिहिलेलं. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं झालं, आता हे धरून बसणार. आप्पांनी एकदा भिंतीकडं बघितलं, परत जाऊन खूण बघितली, आणि म्हणाले, "माझं चुकलंय. कोपरा दोनदा धरला मी. 181 च लिवा." वर दीड फूट, खाली चार फूट जाडीची भिंत, तीन फूट लांबी कमी म्हणजे जवळपास पाऊण ब्रास काम त्यांनी आपल्या तोंडानं कमी केलं. कुणी मागितलं नसताना.

मग उंची. त्या इंजिनियर पोरानं, असंल पंचवीस-सव्वीसचा, नाल्यात उतरून बूट भिजवून माप घेतलं. मॅनेजर वरनं बघत होता. पोरानं वर बघितलं नाही, मोठ्यानं सांगितलं, "ओंबत्तु. नऊ फूट." मग दहा-दहा फुटांवर सगळीकडं घेतलं आणि सगळीकडं नऊ, कुठं नऊला दोन इंच जास्तच. त्या पोराचे पण आभार मला मानायचेत. नोकरी त्याला पण टिकवायची होती.

मग तुम्ही आप्पांकडं डायरी मागितलीत. बॉनेटवर ठेवून, पान पान उलटून, पंधरा-वीस मिनिटं वाचलीत. हजेरीतली नावं मोठ्यानं वाचलीत, हा आता कुठं असतो, हिचं लग्न झालं काय. एका पानावर ब्रासचा हिशोब होता तिथं बोट ठेवून म्हणालात, मी घटप्रभेच्या कालव्यावर जेई, ज्युनियर इंजिनियर, होतो तेव्हा एमबी, मापाची वही, अशीच लिहायचो, मेस्त्री, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. आप्पा हसले. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा.

त्यापुढं काय झालं ते खोलीतलं, ते खोलीतच राहू दे. दोन बैठकांत सह्या झाल्या एवढंच. करारनामा तुम्ही आधी मराठीत वाचून दाखवलात, प्रत्येक कलमाला थांबून "कळलं काय, परत सांगू काय" विचारत, आणि आप्पांनी एका ठिकाणी नाही कळलं म्हटल्यावर तुमच्या तोंडावर जरापण कंटाळा आला नाही. तुमची मराठी म्हणजे काय, सर, लिंगं सगळी उलटीपालटी, "तो भिंत" आणि "ती दगड", मी आतल्या आत हसत होते. खरं आपल्या भाषेत गोड बोलून फोटो काढणारे बघितल्यावर तुमची ती मोडकी मराठी कानाला किती बरी वाटली सांगू. आमच्या गावात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरनं लोक डोकी फोडायला उठतात, माझंपण त्यावर मत आहे आणि ते बदललेलं नाही. पण बैलहोंगलच्या बाजूचा एक कानडी माणूस माझ्या बापाची पेन्सिलीची मराठी डायरी अक्षर लावत लावत वाचत होता हेही मी याच डोळ्यांनी बघितलंय, आणि आता कुणी सरसकट "ते लोक" म्हणायला लागलं की माझं तोंड उघडतं.

पाटल्या सुटल्या. आईनं घातल्या नाहीत अजून, कपाटात ठेवल्यात, अधनंमधनं उघडून बघते. टोळीतल्या सगळ्यांना आप्पांनी घरी जेवायला बोलावलं, मटण आणि भाकरी, वर कुंदा. तुमचा कुंदा तुम्ही परत पाठवलात, केस संपेपर्यंत कुणाकडनं काही घेत नाही म्हणून. आता केस संपली सर. शनिवारी बाजाराला येते तेव्हा घेऊन येते, परत पाठवलात तर आईला घेऊन येईन आणि तिच्याशी तुम्हीच बोला.

आणि एक राहिलंच. तुमचा टेप त्या दिवशी आप्पांच्या पिशवीत आला, चुकून. घरी आल्यावर दिसला. आप्पांनी तो धुऊन, पुसून, रिळाला तेल घालून ठेवलाय आणि नवीन कामावर तोच नेतायत. मी दोनदा म्हटलं परत देऊन येते. "देऊया की, काय घाई हाय," म्हणतात. तुम्हाला लागत असेल तर स्पष्ट सांगा, नवा आणून देते, तो मात्र मागू नका.

तुमची,
मेस्त्रींची थोरली