मामासाठी घडीचा चाकू

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तीन चाकूंची छायाचित्रे मिळाली. मामाला खिशात मावेल असा घडीचा चाकू द्यावा, तो स्वतःच्या कमाईतून घ्यावा आणि त्यापायी महिन्याचे गणित बिघडू देऊ नये, हे तुझे म्हणणे मला पूर्ण पटले. गुलाबांची कलमे करताना माझ्या हातात वर्षानुवर्षे असाच चाकू असतो, म्हणून हा प्रश्न तू बाबांना न विचारता मला विचारलास याचा थोडा अभिमानही वाटला. मात्र तिन्ही छायाचित्रे पाहताना असे जाणवले की तू चाकू पाहिलेस, पण ते पाहताना मामाचा हात तुझ्या डोळ्यांसमोर नव्हता. मामा डावखुरा आहे, त्याच्या अंगठ्यांचे सांधे आखडलेले आहेत आणि त्याचा चाकू दिवसभरात सर्वांत जास्त वेळा उघडतो तो चित्रांच्या पेन्सिलींना टोक काढण्यासाठी. त्याच्याकडचा जुना लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा चाकू अजून उत्तम स्थितीत आहे, पण पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून ते ओढणे त्याला आता जमत नाही आणि कोणी पाहत नसले की तो ते दातांनी उघडतो. हे मी पाहिले आहे, हे त्याला सांगू नकोस.

पहिल्या छायाचित्रातला, पात्यावर लाटांची नक्षी असलेला चाकू आधी बाजूला काढ. खऱ्या दमास्कस पात्यात दोन प्रकारच्या पोलादांचे थर तापवून व ठोकून एकजीव केलेले असतात आणि नंतर आम्लात बुडवल्यावर त्या थरांची नक्षी उमटते. या कामाला वेळ आणि कसब लागते, त्यामुळे ते स्वस्तात मिळत नाही. स्वस्त चाकूवरची नक्षी बहुधा साध्या पात्यावर लेसरने किंवा आम्लाने वरवर काढलेली असते. ओळखायची असेल तर पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध कड, पाहावी: थर खरे असतील तर त्यांच्या रेषा पाठीवरूनही पलीकडे गेलेल्या दिसतात. तुझ्या छायाचित्रात पाठ कोरी आहे. बेतशीर खर्चात मिळणाऱ्या चाकूत पैसा एक तर पात्यात जातो, नाही तर दिखाव्यात, आणि येथे तो कोठे गेला हे उघड आहे.

त्या चाकूखाली विक्रेत्याने दिलेल्या वर्णनातले ‘सर्जिकल स्टील’ हे शब्द वाचून मला हसू आले, कारण याच शब्दांना भुलून मीही एकदा एक चाकू घेतला होता आणि एका सकाळच्या कलमांतच त्याची धार वळली होती. या नावाचे कोणतेही ठरलेले पोलाद नाही. पोलादाचे नाव म्हणून नुसते ‘४४०’ लिहिलेले असेल तरी सावध राहावे. ४४०ए आणि ४४०सी यांच्यातील कार्बनचे प्रमाण बरेच वेगळे असते, आणि जो विक्रेता शेवटचे अक्षर लिहीत नाही त्याच्याकडे ते बहुधा सी नसते. पोलादाचे पूर्ण नाव दिलेले असणे, ही मी प्रामाणिकपणाची पहिली खूण समजते. कमी किमतीत भेटणाऱ्या नावांपैकी ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियमचे आहे. त्याला धार लवकर लागते आणि तशी ती लवकर जातेही. डी२ हे पोलाद धार बराच काळ धरून ठेवते, पण त्यातील सुमारे १२ टक्के क्रोमियमपैकी मोठा वाटा कार्बनशी बांधला गेल्यामुळे त्याला ओलाव्यात डाग पडतात, आणि एकदा बोथट झाले की साध्या दगडावर ते दमवते. मामासाठी माझी पसंती १४सी२८एन या स्वीडिश पोलादाला आहे. त्यात कार्बन जेमतेम ०.६ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन असतो. ते सहसा गंजत नाही, त्याची धार बारीक बसते आणि आठवड्याभराने दगडावर दोन-चार हात फिरवले की पुन्हा पहिल्यासारखी होते.

खरे सांगायचे तर पोलादाच्या नावापेक्षा पात्याची जाडी मामाला अधिक जाणवेल. पेन्सिलीचे लाकूड सोलताना पाते लाकडात शिरून पातळ ढलपी उचलते. ते धारेच्या मागेच जाड असेल तर पाचरीसारखे काम करते, लाकूड कापण्याऐवजी फाटते आणि आतले शिसे मोडते. दणकट दिसावेत म्हणून अनेक स्वस्त चाकूंची पाती साडेतीन-चार मिलिमीटर जाड ठेवतात आणि त्यांना फक्त कडेला उतार देतात. अशा पात्याने खोकी फोडता येतील, पेन्सिल मात्र नीट सोलता येणार नाही. पाठीवर दोन ते अडीच मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजूंनी सलग उतरत गेलेले पाते शोध. ‘दोन्ही बाजूंनी’ हे शब्द मुद्दाम लिहिते आहे, कारण काही चाकूंना एकाच बाजूने घासून धार काढलेली असते आणि ती बाजू उजव्या हाताच्या हिशेबाने ठरवलेली असते. डावखुऱ्याच्या हातात असे पाते लाकडात भलतीकडेच वळते. आकाराचे म्हणशील तर सरळ धारेचे आणि पाठ टोकाकडे खाली उतरलेले पाते पेन्सिलीसाठी सर्वांत चांगले, कारण धारेचा पूर्ण भाग लाकडावर सपाट टेकतो आणि टोकही फारसे टोचत नाही.

आता खटक्याविषयी, म्हणजे उघडलेले पाते जागेवर अडकवून ठेवणाऱ्या कळीविषयी, थोडे विस्ताराने लिहिते. मामाच्या जुन्या चाकूला खटका नाही. मुठीच्या पाठीतली स्प्रिंग पात्याला उघड्या स्थितीत दाबून धरते आणि धारेच्या विरुद्ध बाजूने जोर आला की पाते मिटते. ही रचना वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. स्वित्झर्लंडमधील इबाख येथे कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू गेले, आणि त्या व्हिक्टोरिनॉक्स घराण्याचे साधे खिशातले चाकू आजही बहुतांशी अशाच स्प्रिंगवर चालतात. पण पात्याने कापण्याऐवजी टोकाने टोचण्याचा मोह झाला की ही रचना दगा देते. माझ्या तर्जनीवरची पांढरी रेघ तू लहानपणी नेहमी विचारायचीस ना, ती अशाच एका मोहाची आहे.

तुझ्या तिसऱ्या छायाचित्रातल्या चाकूला लायनर लॉक आहे. मुठीच्या आतली धातूची पट्टी पाते उघडताच आडवी सरकते आणि त्याच्या बुडाला टेका देते. चाकू मिटताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला दाबावी लागते. उजव्या हाताने हे अगदी सहज होते. तोच चाकू डाव्या हातात घेतला की पट्टी अंगठ्याऐवजी बोटांच्या बाजूला येते, ती तर्जनीने ओढावी लागते आणि पाते मिटत असताना बोटे नेमकी कोठे आहेत याचा अंदाज चुकतो. खिशाला अडकवायचा चिमटा डाव्या बाजूला लावता येतो एवढ्यावरून काही विक्रेते असा चाकू ‘दोन्ही हातांसाठी’ म्हणून खपवतात. चिमट्याने हात बदलत नाही.

खटका पाठीवर असलेले चाकू डाव्या-उजव्यात भेद करत नाहीत, कारण दाबायची जागा मुठीच्या मधोमध असते. पण तेथील स्प्रिंग ताठ असते आणि मामाच्या अंगठ्याला नेमका तोच जोर नको आहे. त्यामुळे माझे मत आडव्या खिळीच्या खटक्याकडे झुकते. त्यात मुठीच्या आरपार एक छोटी दांडी असते, तिची दोन्ही टोके दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात आणि ती मागे ओढली की पाते मोकळे होते. दांडी अंगठा आणि तर्जनी या दोघांनी मिळून ओढता येते, त्यामुळे सगळा भार एका सांध्यावर पडत नाही. शिवाय ती ओढून धरली की पाते सैल होऊन अलगद मिटते आणि त्या वेळी एकही बोट त्याच्या वाटेत नसते. बेंचमेड या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये आणलेली ही रचना बरीच वर्षे पेटंटमुळे महागड्या चाकूंपुरती होती. पेटंटची मुदत संपल्यावर ती स्वस्त चाकूंतही आली आणि तुझ्यासारखीची सोय झाली. या दांडीला मागून रेटणाऱ्या दोन तारेच्या स्प्रिंगा मात्र नाजूक असतात. एक तुटली तरी दुसरीवर काम भागते, पण सुटे भाग मिळतात की नाही हे विक्रेत्याला विचारून ठेव. उघडण्यासाठी पात्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने ढकलायची छोटी बोंडे असावीत किंवा पात्यातच आरपार गोल भोक असावे. भोकाची कल्पना स्पायडर्को या कंपनीने १९८१ मध्ये आणली आणि आखडलेल्या अंगठ्याला बोंडापेक्षा भोक अधिक सोयीचे जाते, कारण अंगठ्याचे मऊ मांस त्यात थोडे रुतते.

दुसऱ्या छायाचित्रातल्या ओपिनेलवर तुझा जीव जडला आहे, हे तुझ्या अक्षरावरूनच कळले. माझाही त्याच्यावर जीव आहे. फ्रान्सच्या साव्हुआ (Savoie) या भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तो बनवला, १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे आकार ठरले आणि उघड्या पात्याला जागेवर धरणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आणि इतके पातळ असते की पेन्सिलीसाठी त्याच्या तोडीचा चाकू या किमतीत मला माहीत नाही. अडचण एवढीच आहे की मूठ लाकडाची असल्याने हवेत ओल आली की लाकूड फुगते, पाते घट्ट बसते आणि उघडायलाही पुन्हा नखाचीच खाच. लोक मुठीचे बूड टेबलावर आपटून पाते थोडे बाहेर काढतात. सांधे चांगले असणाऱ्याला ते कौतुकाचे वाटते. लाकूड किंचित घासून त्याला तेल पाजले तर घट्टपणा बराच कमी होतो, पण मामाचा चाकू ओल्या रंगांच्या वाट्यांशेजारी पडलेला असतो. तो पुन्हा दातांवर येईल. हा चाकू तू कधी तरी स्वतःसाठी घे.

मुठीविषयी फार विचार करू नकोस. काचतंतूने बळकट केलेले प्लॅस्टिक हलके आणि ओल्या हातातून न निसटणारे असते, तेवढे पुरे. नावे कोरणे, मखमली डबी, सोबतचा चामडी खिसा या सर्वांवर होणारा खर्च वाचवून त्यातून धार लावायचा एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचे माप) छोटा दगड घे. त्याच्याशिवाय ही भेट अपुरी राहील.

कायद्याचेही पाहून घे, कारण चाकू घरात ठेवणे आणि तो खिशात घालून बाहेर फिरणे यांत बहुतेक देशांत फरक केला जातो. ब्रिटनमध्ये सबळ कारण न देता जवळ ठेवता येतो तो फक्त बिनखटक्याचा, तीन इंचांहून जास्त धार नसलेला घडीचा चाकू; जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि खटका बसणारा चाकू योग्य कारणाविना बाळगता येत नाही. म्हणजे मी सुचवते आहे तो चाकू या दोन्ही ठिकाणी चित्रांच्या टेबलावरच राहायला हवा. मामा प्रवासाला निघाला की त्याने जुना बिनखटक्याचा न्यावा आणि विमान असेल तर तोही हातातल्या सामानात न ठेवता विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात द्यावा.

चाकू तुझ्याकडे आला की तो गुंडाळण्याआधी उजेडात नीट पाहा. मिटलेले पाते मुठीच्या मधोमध बसले आहे का, टोक कोठे बाहेर डोकावत नाही ना, उघडल्यावर पाते डावीउजवीकडे डुगडुगते का, हे तपास. डुगडुग थोडी असेल तर बिजागरीचा स्क्रू पाव फेरा आवळून ती जाते. खटका बसूनही पाते वरखाली हलत असेल तर मात्र तो चाकू परत कर. नंतर बोटे धारेच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडाच्या कडेवर बेताने दाब आणि खटका सुटत नाही याची खात्री करून घे. शेवटी तो डाव्या हाताने दहा वेळा उघड आणि मीट. तुला अवघडल्यासारखे वाटेल, पण कोणत्या ठिकाणी अडते ते तुझ्या लक्षात येईल.

एक माप अजून राहिले आहे. मूठ चारही बोटांना पुरली पाहिजे आणि मामाचा तळवा आपल्या सर्वांपेक्षा रुंद आहे. माझ्या अंदाजाने अकरा सेंटिमीटर लागतील, पण अंदाजावर तुझे पैसे घालायला नकोत. रविवारी त्याच्या जुन्या चाकूला धार लावून देते असे सांगून मी त्याच्याकडे जाणार आहे, तेव्हा त्याची पकड मोजून येईन आणि त्याच रात्री तुला कळवीन. तोवर कोणताही चाकू मागवू नकोस.

तुझी
आई