आधी भोकं बुजव, पण धुराला वाट ठेव

यॉर्कटनजवळ, सास्काचेवान, कॅनडा
२४ जानेवारी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोटो मिळाला. ट्रॅक्टरच्या छताला चारी बाजूंनी ताडपत्री आवळून तू पहाटे द्राक्षांवर भुरीची, म्हणजे त्या बुरशीच्या रोगावरची, फवारणी करतोस, हे पाहिलं आणि जेवण होताच लिहायला बसलो. फोनवर हे नीट सांगून होणार नाही. मी मोकळा होतो तेव्हा तुझी सकाळची धावपळ चालू असते, अर्ध्यातच बोलणं तुटतं. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. मधला धुराचा भाग दोनदा वाच.

निफाडची थंडी मी विसरलेलो नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा चार-पाच अंशांवर आला की मणी तडकायच्या धास्तीने आपण रात्रभर बागेत शेकोट्या धुमसत ठेवायचो आणि पहाटे ठिबक सोडायचो. उघड्या ट्रॅक्टरवर ते चार अंशसुद्धा हाडात शिरतात. इथे काल सकाळी उणे ३४ होतं. उणे ४० ला तर सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात. सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि कडाक्याच्या दिवशी त्याच्या दोन्ही अंगांना दोन खोटे सूर्य दिसतात, हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी ट्रॅक्टर उभा करून बघतच राहिलो होतो.

माझं हिवाळ्यातलं काम म्हणजे गाईंना चारा घालणं. सव्वाशे गाई आहेत, सगळ्या मोकळ्या रानात. गवताच्या गोल गाठी असतात, एकेक पाच-सहाशे किलोची. रोज तीन-चार गाठी उचलून रानात उलगडायच्या, मग वाटेवरचा बर्फ बाजूला सारायचा. अडीच-तीन तास जातात. त्यासाठी जो ट्रॅक्टर आहे तो १९७० च्या दशकातला, ऐंशी-पंच्याऐंशी अश्वशक्तीचा. इंजिन खणखणीत. केबिन मात्र मागाहून कोणीतरी बसवलेली, पत्र्याची आणि काचेची पेटी. जॉन डिअरने १९७२ साली ट्रॅक्टरबरोबरच आखलेली साउंड-गार्ड केबिन बाजारात आणली. आमची पेटी त्याआधीच्या जुन्या पद्धतीची. दाराचं रबर गळून गेलेलं, एका बाजूला काचेऐवजी प्लायवूड, आणि हीटरचा पंखा कधीचा जाम झालेला. पहिल्या हिवाळ्यात या ट्रॅक्टरवर मी रडलो आहे, तुला म्हणून सांगतो. डाव्या कानाची पाळी पांढरी पडली होती. अजूनही थंडीत ती आधी दुखते.

गेल्या ऑक्टोबरात मालकांना म्हटलं, ही केबिन मी माझ्या हाताने नीट करतो. ते पंच्याहत्तरीचे आहेत, इथेच जन्मले. म्हणाले, शेड घे, भंगारातलं काय लागेल ते घे, पण लोखंडी चौकटीला भोक पाडू नकोस आणि वेल्डिंग करू नकोस. ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी चौकट तीच. भोक पाडलं, ताव दिला की ती कुठून मोडेल याचा भरवसा उरत नाही. तुझ्या छताच्या पाइपांनाही हीच गोष्ट लागू आहे, क्लॅम्प वापर.

माझ्या डोक्यात आधी हीटरच होता. मालकांनी थांबवलं. रात्री शेडमधले सगळे दिवे मालवले, केबिनमध्ये एक मोठा दिवा लावून दार बंद केलं आणि मला बाहेरून फिरून बघायला लावलं. बाळ्या, ती केबिन नव्हती, चाळण होती! लिव्हरच्या फटीतून, क्लच-ब्रेकच्या पायाखालून, स्टिअरिंगच्या दांड्याभोवतून, वायरी जातात तिथून, केबिनच्या तळाच्या निघालेल्या बोल्टांच्या जागेतून, सगळीकडून उजेड बाहेर येत होता. खडूने प्रत्येक जागेवर खूण केली. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू ठेवून उदबत्ती घेऊन आत बसलो. धूर जिथे हलला तिथे पुन्हा खूण. पुडा आईने पाठवलेला होता.

भोकं बुजवायला चार दिवस गेले आणि खरी ऊब तिथेच मिळाली. टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून लिव्हरभोवती पिशवीसारखे बसवले, वरून होज क्लॅम्प आवळला. पेडलपाशी फार जपावं लागलं. रबर एवढं ढिलं हवं की ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबले जावेत आणि पूर्ण परत यावेत, कुठेही अडकता कामा नये. खाली कन्व्हेअर बेल्टचा जाड तुकडा अंथरला आणि त्याच्याखाली बंद छिद्रांचा फोम, योगासनाच्या चटईसारखा. गादीतला स्पंज मात्र घालू नये. तो पाणी आणि डिझेल पितो, मग गोठतो, आणि एखादी ठिणगी पडली तर पेटतो. चिकटपट्ट्यांचंही तसंच. उबदार शेडमध्ये, पुसून कोरड्या केलेल्या पत्र्यावर लावल्या तरच टिकतात. बाहेर लावलेली पट्टी दुसऱ्या सकाळी पायाशी पडलेली असते. प्लास्टिकची ताडपत्री उणे तीसला पापडासारखी तडकते, म्हणून मागच्या फटीला जाड कॅनव्हासच शिवला.

मग हीटर. भंगारातल्या एका ट्रकचा हीटर कोअर मिळाला, म्हणजे छोटा रेडिएटरच, बारा व्होल्टच्या पंख्यासह. इंजिनच्या हेडमधलं गरम पाणी नळीने कोअरमध्ये आणायचं आणि थंड होऊन पाण्याच्या पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत सोडायचं, एवढंच त्याचं काम. दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह लावले. नळी फुटली तर उकळतं पाणी पायावर येण्याआधी बंद करता यावं, आणि उन्हाळ्यात हीटर वेगळा करता यावा. सगळं जोडून चालू केलं, तर हवा कोमट! अर्धा दिवस मी पंख्याशी झटत बसलो. दोष भलतीकडेच होता. कोअर रेडिएटरपेक्षा उंच बसवल्यामुळे वर हवा अडकली होती. इंजिन थंड असताना वरची नळी किंचित सैल करून हवा जाऊ दिली, बुडबुडे थांबून पाणी यायला लागलं तशी आवळली.

तरीही हवी तेवढी धग येईना. उघडून पाहिलं तर थर्मोस्टॅटच, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, नव्हता, कोणीतरी कधीतरी काढून टाकलेला. आपल्याकडेही इंजिन तापतं म्हणून मेकॅनिक तो काढून बाजूला ठेवतात. थंडीत तो नसला तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि हलक्या कामावरचं डिझेल इंजिन तापतच नाही. ८२ अंशांचा नवा घातला, रेडिएटरच्या अर्ध्या भागापुढे पुठ्ठा लावला आणि काट्यावर नजर ठेवली. तेव्हा कुठे हातमोजे काढून लिव्हर धरता आली. पाण्यात अर्धं अर्धं अँटिफ्रीझ असतं, ते उणे ३७ च्या आसपास गोठतं. म्हणून रात्री इंजिनचा ब्लॉक हीटर विजेला जोडून ठेवतो. इथे हिवाळ्यात गाड्यांच्या नाकातून विजेच्या वायरी लोंबत असतात, त्या त्यासाठीच.

आता तो भाग, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं.

केबिन बंदिस्त झाली, गरम झाली, मी खूश. तिसऱ्या दिवशी गाठी सोडताना डोकं ठणकायला लागलं. वाटलं झोप कमी झाली असेल. मग मळमळ. दार उघडून खाली उतरलो तर पाय लटपटले. मालक गोठ्यापाशी होते. माझा चेहरा बघून धावत आले, पहिलं इंजिन बंद केलं आणि मला वाऱ्यात उभं केलं. एक्झॉस्टच्या जोडाला बारीक चीर होती आणि पुढच्या पत्र्यातलं एक भोक, वायरीमागचं, माझ्या नजरेतून सुटलं होतं. इतकी वर्षं तो धूर आत येतच असणार, पण दहा फटींतून निघूनही जात होता. मी बाकीची वाट बंद केली आणि ती एक उघडी ठेवली. एक्झॉस्टच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. डोळ्यांना झोंबणारा धूर नाही म्हणजे धोका नाही, असं समजून बसलो असतो तर मी आज तुला लिहीत नसतो. जोड नवा केला, गॅस्केट बदललं, भोक बुजवलं आणि मालकांनी बॅटरीवरचा गॅसचा अलार्म डोक्यामागे टांगला. आधी तो, मग बाकी सगळं, असा क्रम हवा होता.

बाळ्या, तुझ्या ताडपत्रीच्या खोलीत हाच धूर कोंडू शकतो. आणि तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ब्लोअरचा फवारा वाऱ्याने पुढे येतो. उघड्यावर तो अंगावरून निघून जातो, पण ताडपत्रीच्या आत आला की तू तोच श्वासात घेत राहतोस. फवारणीसाठीच्या चांगल्या केबिनांना आत येणारी हवा गाळायला कार्बनचा फिल्टर असतो. ताडपत्री ते काम करत नाही. त्यामुळे फवारणीला ती मागची आणि बाजूची ताडपत्री काढच, आणि फिल्टरचा मास्क लाव. पायाशी निखाऱ्यांची शेगडी ठेवायचा विचार असेल तर तोही सोड.

मग थंडीचं काय करायचं, असं तू विचारशील. मालकांच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला केबिनच नव्हती. त्यावर त्या काळी इथे हीट हाउसर नावाचा प्रकार लावत. इंजिनच्या दोन्ही बाजूंना रेडिएटरपासून ड्रायव्हरच्या पायापर्यंत कॅनव्हासचे पडदे आणि समोर छोटी पारदर्शक काच. रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे फेकतोच. एरवी ती दोन्हीकडे उडून जाते, पडद्यांमुळे ती सरळ पायांवर आणि मांड्यांवर येते. मागची बाजू आणि वरची बाजू उघडीच. तुझ्या ट्रॅक्टरला हे बसेल असं मला मनापासून वाटतं. कॅनव्हास एक्झॉस्टपासून वीतभर लांब ठेव, आणि एक्झॉस्टचा धूर त्या पडद्यांच्या आत कुठेही सुटत नाही हे उदबत्ती धरून तपास. जोडाला काजळी दिसली तर आधी गॅस्केट बदल, मगच पडदा बांध. ऊन वर आलं की पडदे काढून ठेवायचे, नाहीतर इंजिन तापेल.

काचांवरच्या दवाचंही सांगतो, कारण त्याने मला सगळ्यात जास्त छळलं. केबिन गरम झाली आणि माझ्याच श्वासाची वाफ काचांवर आतून गोठायला लागली. खरवडत बसलो की पुन्हा दाट. शेवटी बाजूच्या आणि मागच्या काचांना आतून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा दुसरा पत्रा लावला, मध्ये बोटभर पोकळी, कडेला फोमची पट्टी. मागचा पत्रा दोन खिट्ट्यांवरच आहे, कारण दार अडकलं तर बाहेर पडायची वाट तीच. समोरच्या काचेवर हीटरची हवा ॲल्युमिनियमच्या नळीने आणली आणि खिडकी कायम दोन बोटं उघडी ठेवली. एवढं सगळं बंद करून शेवटी दोन बोटं उघडायची! पण त्याशिवाय काच कोरडी राहतच नाही. आत चढण्याआधी बुटांचा बर्फ झटकायचीही सवय लागली, नाहीतर तोच वितळून काचेवर चढतो. मागचा दिवा मुद्दाम जुना हॅलोजनच ठेवलाय. एलईडी तापत नाही, त्यावर बर्फ बसतो आणि उजेड झाकून टाकतो.

परवा रात्री पहिली गाय व्याली, वेळेच्या आधी, वाऱ्यात. उणे ३० च्या खाली होतं. वासरू ओलं होतं, कान आणि शेपटी गोठायला वेळ लागत नाही. पोत्याने पुसलं, उचललं आणि केबिनमध्ये माझ्या पायाशी, हीटरपुढे ठेवलं. गोठ्यापर्यंत वीस मिनिटं लागली. अर्ध्या वाटेवर त्याने मान उचलून माझ्या बुटाला चाटलं. त्याच्या अंगाची वाफ काचांवर चढली आणि उघड्या खिडकीतून निघूनही गेली. वाट स्पष्ट दिसत होती. वासरू आज उभं आहे, दूध पितंय.

मावशींना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यांसाठी लोकरीचे पट्टे घेतलेत, मार्चमध्ये येणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझाच,
मित्र

ता. क. फोटोत तुझा सायलेन्सर बॉनेटमधून वर जातो की खालून बाजूला, ते दिसत नाही. तेवढं आजच कळव. रेडिएटरपासून फूटबोर्डापर्यंतची लांबी आणि बॉनेटची उंचीही मोजून पाठव, मी पडद्याचा कागदी नमुना कापून त्याचा फोटो पाठवतो. तोवर ताडपत्री काढलेलीच ठेव.