इंजिन हललं, वश्या!

कुडचडे, गोवा
रविवार, रात्र

प्रिय वश्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, हे खरं. शिव्या फोनवर घाल. साखर होती तेवढीच आहे, गुडघा कुरकुरतो, सुमन मजेत. आता ऐक.

आपलं इंजिन हललं. तेच, रुळाच्या तुकड्यावर उभं केलेलं वाफेचं जुनं धूड, जे आम्ही दर रविवारी घासत बसतो.

मागच्या रविवारची गोष्ट. ग्रीस, केरोसीन, वायर ब्रश हे नेहमीचं आटोपलं आणि कायतानमाम म्हणाला, "आज पहार लावून बघूया मरे." आधी त्याने सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडायला लावले. नाहीतर आत कोंडलेली हवाच पिस्टनला अडवते, आणि आपण चाकाला शिव्या घालत बसतो. मागच्या चाकाखाली दोन बाजूंनी पहारी घातल्या. एकीवर मी आणि बाबल, दुसरीवर कॉलेजची पोरं. माम क्रॉसहेडवर, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्यावर, तळहात ठेवून उकिडवा बसला. तो "हां!" म्हणाला की जोर. चार-पाच वेळा नुसतंच कुथणं झालं. बाबलच्या पँटची शिवण उसवली, ती आमच्या संस्थेच्या इतिहासात नोंदवायला हवी. मग चाकं एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंग रॉडच्या टोकाला काळ्या ग्रीसचा एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि रॉड सावकाश खाली उतरला. आठही चाकं फिरली. रुळावर खडूने खूण केली होती, तिच्यापुढे वीतभर.

भूकंप झाल्याशिवाय हे धूड हलणार नाही, हे तुझंच वाक्य ना? भूकंप झाला नाही. बाबलची शिवण गेली, एवढंच.

इथवर आनंद. पुढचं तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? घरात म्हणतात, लोखंडाच्या ढिगासाठी रक्तदाब वाढवू नका.

एका पोराने व्हिडिओ काढला होता, तो फिरला. फिरत फिरत ज्यांची जागा आहे त्या ऑफिसात पोचला. तिथून पत्र: इंजिन हलते असे निदर्शनास आले आहे, सबब ते सार्वजनिक सुरक्षेस धोकादायक असून त्याची चाके रुळांस वेल्डिंग करून कायमची जखडावीत. म्हणजे गंजून बसलं होतं तोवर बरं होतं. सपाट जागेवरचे दोन रूळ, चौघांनी पहारी लावल्यावर वीतभर चाल, आणि यांना वाटतं ते मुरगावला पळेल! ब्रागांझा घाटात ३७ला १ चा चढ आहे, तिथे उतरणीवर सुटलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग होत्या. इथेही एक बांधा म्हणावं.

पण पत्राचा दुसरा परिच्छेद वाच. वेल्डिंगला होकार दिलात तर वर शेड, भोवती कठडा, दिवे, सगळं त्यांच्या खर्चाने. शेड, वश्या! पाऊस धुराड्यातून आत उतरतो, धुराड्याखालच्या स्मोकबॉक्सच्या तळाची जुनी राख भिजते आणि तिचं आम्ल पत्रा खात राहतं, हे तुला काय सांगायचं. धुराड्यावरचं टोपण तुझंच. (ते टोपण म्हणजे टोपी घातलेला हवालदार दिसतो असं मी म्हणालो होतो आणि तू महिनाभर बोलत नव्हतास. अजून तसंच दिसतं.) पण टोपणाने किती भागणार? खालचा पत्रा आता बोटाने दाबला तर पापुद्रे येतात.

त्यामुळे कमिटीत उभी फूट. भाऊ म्हणतो, शेड घ्या, हे चालणार थोडंच आहे? आणि चीड येते ती तो बरोबर आहे म्हणून. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं. आपलं इंजिन वायजी जातीचं, मीटरगेजचं, म्हणजे रुळांतलं अंतर १००० मिलिमीटर, आणि बाहेरचे रूळ १६७६चे. उद्या बॉयलर पास होऊन वाफ धरली तरी जायचं कुठे? तुझं ते इंग्लंडातलं 'टॉर्नेडो' मला पुन्हा ऐकवू नकोस. त्या लोकांनी १९९४ पासून खपून २००८ला नवंकोरं इंजिन उभं केलं, मान्य, टोपी काढतो. त्यांना खाली रूळ होते, बाबा! आपल्याकडे १८८८ साली पोर्तुगीज हद्दीतून कॅसलरॉकपर्यंत गेलेली वाट शाबूत आहे, फक्त रुंदावली, आणि आपलं इंजिन बाहेर राहिलं.

तरी मी वेल्डिंगला नाहीच म्हणणार. हट्ट म्हण. पण नुसता हट्ट नाही. चाकाचा टायर, म्हणजे बाहेरची पोलादी कडी, तापवून, फुगवून चढवलेला असतो, थंड होऊन तो आवळतो. तसलं कडक पोलाद वेल्डिंगच्या आचेने तडकतं, हे मामने भाऊला हातवारे करून सांगितलं. शिवाय चाकं जाम झाली की एवढं वजन बेअरिंगच्या एकाच जागी बसतं, तेल पुढे सरकत नाही. मग रविवारी आम्ही तिथे जाऊन करायचं काय? रंग द्यायचा? पोरं रंग द्यायला येत नाहीत रे. हललं तेव्हापासून येतात. काल एकजण विचारत होता, झडपा हलवणारा एक्सेंट्रिक रॉड सुटा कसा करतात. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा पहिला.

माझं म्हणणं, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके द्या, रुळाला नटबोल्टने क्लॅम्प मारा, कुलूप लावा. सोडवता येईल असं काहीही करा. भाऊ म्हणतो, असं कुठे लिहिलेलं आहे दाखव.

तिथे तू लागतोस. तिकडे वेल्समध्ये टालिलिनची गाडी १९५१ पासून स्वयंसेवक चालवतात, तू तिथे जाऊन चहा पिऊन आलास आणि आम्हाला फक्त केकचे फोटो पाठवलेस. पुन्हा जा. उभी ठेवलेली इंजिनं ते कशी अडवतात त्याचे जवळून फोटो काढ, आणि जमलं तर त्यांच्या कुणाकडून सहीचा कागद आण. इंग्रजी कागद आणि गोऱ्याची सही, आमच्या कमिटीला अजून एवढं पुरतं. पंधरा तारखेला बैठक आहे.

वहिनींचं डोळ्याचं झालं का? मुलीला तिथेच नोकरी लागली म्हणे, अभिनंदन सांग. तू निवृत्त कधी होतोयस?

तुझा,
नंदू

ता. क. तुझ्या सावर्ड्याच्या घराची मागची कौलं माकडांनी उचकटली होती. बसवून घेतली, हिशेब नंतर. विहिरीचा पंप चोरट्यांनी नेला, तो मात्र तुझ्या खर्चात.